पर्ड्यूच्या बास्केटबॉल संघाचे पक्के चाहते व्हायचंय? नोव्हेंबरपासून सुरुवात करा

इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेटला, पर्ड्यू विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या थोडीथोडकी नाही. ऑगस्टमध्ये दोन मोठ्या बॅगा, एक प्रेशर कुकर आणि मेतकुटाची पाकिटं घेऊन माणूस तिथे उतरतो आणि अभ्यासाला जुंपतो. मीही २०२१ साली तशीच उतरले. दोन वर्षांनी परतले तेव्हा पदवीच्या कागदाइतकंच जपून आणलेलं दुसरं काही होतं, ते म्हणजे या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचं वेड. तुम्ही यंदा तिकडे निघाला असाल, तुमचं मूल तिकडे असेल किंवा इथे बसून एखादा कॉलेज संघ आपला मानावा असं वाटत असेल, तर सुरुवात कुठून करायची ते सांगते.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक नवखे लोक मार्चमध्ये येतात. तेव्हा राष्ट्रीय स्पर्धा असते, सगळीकडे चर्चा असते. पण मार्चमध्ये आलेल्याला फक्त निकाल कळतो. नोव्हेंबरपासून बघणाऱ्याला त्या निकालामागची पोरं माहीत असतात. म्हणून तुमची सुरुवात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच होऊ द्या.

आधी घराण्याची ओळख करून घ्या

एक संध्याकाळ काढा आणि संघाचा इतिहास समजून घ्या, कारण स्टेडियममध्ये शेजारी बसलेले आजोबा याच गोष्टी बोलणार आहेत. संघाचं नाव बॉयलरमेकर्स, म्हणजे बॉयलर बनवणारे. १८९१ साली फुटबॉलमध्ये पर्ड्यूनं शेजारच्या वॉबॅश कॉलेजला धुतलं, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रानं चिडून हे नाव ठेवलं आणि पोरांनी ते अभिमानानं मिरवलं. रंग काळा आणि जुन्या सोन्याचा. कोणी 'बॉयलर अप' म्हटलं की 'हॅमर डाउन' असं उत्तर द्यायचं. विमानतळावर अनोळखी माणसानं माझी टोपी बघून 'बॉयलर अप' म्हटलंय आणि मी उत्तर दिलंय. 'राम राम'ला 'राम राम' म्हणावं तितकं ते सहज आहे.

नावं फार नाहीत, पण पक्की हवीत. जॉन वुडन १९३२ साली इथून खेळत होते. पुढे यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी दहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. गंमत बघा, १९६९ साली पर्ड्यू पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचलं तेव्हा समोर वुडन यांचाच संघ होता आणि त्यांनी आपल्याच जुन्या विद्यापीठाला ९२-७२ असं हरवलं. त्या पर्ड्यू संघातला रिक माउंट हा नेमबाज इथल्या जुन्या लोकांचा लाडका. १९७० साली त्यानं आयोवाविरुद्ध एका सामन्यात ६१ गुण काढले, तेही तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून मारलेल्या फटक्याला तीन गुण मिळतात) अस्तित्वात नसताना, आणि तरीही संघ एका गुणानं हरला. जीन केडी १९८० ते २००५ प्रशिक्षक होते. मॅकी अरीना या संघाच्या घरच्या स्टेडियममधल्या कोर्टाला त्यांचंच नाव आहे. त्यांच्यानंतर मॅट पेंटर, जे केडींच्याच हाताखाली इथे खेळले होते. गुरूकडून शिष्याकडे गेलेली गादी म्हणा.

मुलींच्या संघाला विसरू नका. पर्ड्यूकडे बास्केटबॉलमधलं एनसीएए (अमेरिकी कॉलेज खेळांची संघटना) स्पर्धेचं, म्हणजे मार्चमधल्या त्या राष्ट्रीय स्पर्धेचं, एकच विजेतेपद आहे आणि ते मुलींनी १९९९ साली ड्यूकला ६२-४५ असं हरवून मिळवलंय. त्या याच मॅकीत खेळतात, तिथे जागाही सहज मिळते. खेळ शिकायला याहून चांगली जागा नाही.

तिकिटाची तजवीज ऑगस्टमध्येच

मॅकीत सुमारे १४,८०० माणसं मावतात आणि पुरुषांच्या सामन्यांना ते भरलेलं असतं. विद्यार्थ्यांसाठी वेगळी तिकिटं असतात. ती घेणाऱ्या आणि कोर्टालगत उभं राहणाऱ्या पोरांच्या जथ्याला 'पेंट क्रू' म्हणतात. केडींच्या काळात त्याचं नाव 'जीन पूल' होतं. पेंटर आले आणि नाव बदललं. बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनालाही 'पेंट'च म्हणतात, त्यामुळे ते दुहेरी शोभतं. पोचल्या पोचल्या, बँकेचं खातं उघडण्याच्या आठवड्यातच, विद्यार्थी तिकिटांची विक्री कधी आहे ते विद्यापीठाच्या तिकीट कार्यालयाकडून कळवून घ्या. 'बघू नंतर' म्हणणाऱ्यांना जानेवारीत इंडियाना विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजताना मी पाहिलंय.

नोव्हेंबरातले छोट्या कॉलेजांविरुद्धचे सामने कंटाळवाणे म्हणून सोडू नका. त्या सामन्यांत प्रशिक्षक सगळ्यांना खेळवून बघतात. फेब्रुवारीत ज्याच्या नावानं तुम्ही ओरडणार आहात, तो नोव्हेंबरात बाकावरून उठून चार मिनिटं खेळलेला असतो, आणि ती चार मिनिटं पाहिलेल्याला त्याची किंमत वेगळीच कळते.

नियम, पण सगळे एकदम नको

पुरुषांचा कॉलेज सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत होतो, मुलींचा दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत. चेंडू हाती आल्यावर तीस सेकंदांत फटका मारायचा. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. एवढ्यावर पहिला सामना निभावतो.

दुसऱ्या सामन्याला फाउलचा फलक बघायला शिका, कारण खरं नाट्य तिथे आहे. पुरुषांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याचे एका डावात सात फाउल झाले की 'वन अँड वन' लागू होतं. पहिला फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मारायचा फटका, पडला तरच दुसरा मिळतो. पहिला हुकला की चेंडू जिवंत, रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडण्यासाठी, झटापट. दहाव्या फाउलपासून सरळ दोन फ्री थ्रो. त्यामुळे सातव्या ते नवव्या फाउलमधला पाहुण्या खेळाडूचा पहिला फ्री थ्रो म्हणजे प्रेक्षकांनी सर्वात जास्त जीव काढून ओरडायची वेळ. चौदा हजार माणसं त्या क्षणाची वाट बघत असतात.

प्रत्येक डावात सोळा, बारा, आठ आणि चार मिनिटांच्या खाली घड्याळ गेल्यावर खेळ थांबला की जाहिरातींची विश्रांती असते. पाणी प्यायचं, घसा सांभाळायचा तो तेव्हाच.

मॅकीतला पहिला दिवस

माझा पहिला सामना सांगते, म्हणजे तुमच्याकडून तेच होणार नाही. थंडी होती म्हणून आईनं विणलेला लाल स्वेटर घालून गेले. कोट काढला आणि आजूबाजूची पोरं माझ्याकडे बघायला लागली. लाल हा इंडियाना विद्यापीठाचा रंग, आणि पर्ड्यूत इंडियानाचं वैर घरोघरी पोसलेलं आहे. १९८५ साली त्यांचे प्रशिक्षक बॉब नाइट यांनी पंचांवर संतापून कोर्टावर खुर्ची फेकली, तो सामना पर्ड्यूविरुद्धचाच होता. मला यातलं काही माहीत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं काही न बोलता पिशवीतून काळा टी-शर्ट काढला आणि माझ्या हातात ठेवला. "हा घाल, परत नको देऊस." तो अजून माझ्याकडे आहे. धुऊन धुऊन त्यावरची सोनेरी अक्षरं पिवळी झालीत.

तर काळं घाला. आत गेल्यावर उकडतं, म्हणून जाड कोटापेक्षा एकावर एक कपडे बरे, कोट ठेवायला जागा मिळत नाही. बॅग पारदर्शकच चालते. तासभर आधी पोचा आणि सराव बघा. कोण कुठल्या जागेवरून फटके मारतोय, कोण पास देतोय, हे सरावात निवांत दिसतं.

आता ओरडण्याबद्दल. आपला संघ बचाव करत असेल तेव्हा उभं राहून घसा फाटेपर्यंत ओरडायचं, म्हणजे पाहुण्यांच्या पॉइंट गार्डला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या खेळाडूला, स्वतःच्याच प्रशिक्षकाचं ऐकू येत नाही. आपल्याकडे चेंडू आला की आवाज खाली आणायचा, कारण आता आपल्या गार्डला सूचना द्यायच्या आहेत. आपला खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की चिडीचूप. मॅकीचं छत घुमटाकार आहे, आवाज वर जाऊन परत अंगावर येतो. पहिल्यांदा तो आवाज छातीत जाणवला तेव्हा मला गणपती विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर ढोलपथकाच्या मधोमध उभी राहिल्यासारखं झालं होतं.

एक खेळाडू निवडा आणि त्याला चार वर्षं बघा

मला विचाराल तर सगळ्या लेखातली हीच गोष्ट लक्षात ठेवा. व्यावसायिक खेळात एखादा खेळाडू पंधरा वर्षंही दिसू शकतो. कॉलेजात साधारण चार. त्या चार वर्षांत अठरा वर्षांचं पोर तुमच्या डोळ्यांसमोर बदलतं. चेंडूवर लक्ष ठेवण्याची सवय थोडी मोडा आणि सामन्यातली दहा मिनिटं फक्त त्या एका खेळाडूकडे बघा.

मी झॅक ईडीला बघितलं. टोरांटोचा, सात फूट चार इंच उंचीचा. लहानपणी हॉकी आणि बेसबॉल खेळलेला, बास्केटबॉलला उशिरा लागलेला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो काही मिनिटं खेळून दमायचा आणि बाकावर यायचा. पुढच्या वर्षी तो दमेना. पेंटमध्ये जागा धरताना आधी पाय रोवायचा, मग खांदा लावायचा, मग एक हात वर करून चेंडू मागायचा. त्या तीन हालचालींचा क्रम मी इतक्यांदा पाहिलाय की आजही डोळे मिटून सांगेन. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला.

हल्ली एक अडचण आहे, तीही सांगायला हवी. ट्रान्सफर पोर्टलमुळे खेळाडू दर वसंतात संघ बदलू शकतात. २०२१पासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली आणि २०२५पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ लागली. खेळाडूंना पैसे मिळतात हे मला रास्तच वाटतं, कष्ट त्यांचे आहेत. पण त्यामुळे पुष्कळ संघांत दर वर्षी नवीन चेहरे दिसतात. पर्ड्यूत पेंटर अजूनही शाळेतून मुलं आणून घडवण्यावर भर देतात. इंडियाना राज्यातलेच ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे २०२२ साली एकत्र आले आणि वर्षानुवर्षं इथेच राहिले. तुमच्या पहिल्या मोसमात असाच एखादा नवखा निवडा. जो सुरुवातीला चुकतो, पण पेंटर ज्याला बाहेर काढत नाहीत, तोच बघावा.

आकडे: एक पेन्सिल पुरते

धावफलकावरून फसू नका. एक संघ ७० गुण काढतो आणि उत्तम खेळलेला असतो, दुसरा ८५ काढतो आणि भोंगळ. फरक किती वेळा चेंडू हाती आला यात आहे. वहीत चेंडू हाती आला की एक रेघ मारा. ६५ वेळा चेंडू आला आणि ७५ गुण झाले, तर दर खेपेला १.१५ गुण. एकाच्या वर म्हणजे ठीक, १.१५ म्हणजे फार छान. केन पोमेरॉय यांची प्रसिद्ध क्रमवारी याच तत्त्वावर, दर शंभर खेपांमागच्या गुणांवर चालते. एनसीएएची निवड समिती नेट नावाची स्वतःची क्रमवारी पाहते. साप्ताहिक एपी क्रमवारी पत्रकारांच्या मतांची असते. गप्पांना ती छान, पण तिच्यावर जीव टांगून ठेवू नका. डिसेंबर २०२१ मध्ये पर्ड्यू तिथे इतिहासात पहिल्यांदाच पहिल्या क्रमांकावर आलं, आणि त्याच आठवड्यात रटगर्सनं शेवटच्या क्षणी अर्ध्या कोर्टावरून फटका मारून ७०-६८ असं हरवलं.

मार्च

नियमित मोसम संपला की आधी बिग टेन कॉन्फरन्सची, म्हणजे पर्ड्यू ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्या गटाची, स्पर्धा. २०२४पासून या कॉन्फरन्समध्ये अठरा विद्यापीठं आहेत. नियमित मोसमाची बिग टेन विजेतेपदं पर्ड्यूइतकी कोणाकडेच नाहीत, २०२४ पर्यंत २६. मग रविवारी संध्याकाळी एनसीएए स्पर्धेचा तक्ता जाहीर होतो. २०११ साली स्पर्धा ६८ संघांची झाली. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकनं, आणि एक हार म्हणजे घरी. तक्ता भरायची चढाओढ ऑफिसांत आणि वसतिगृहांत सगळीकडे असते. जरूर भरा. आपल्या संघाला विजेता लिहायचं की नाही यावर आमच्या घरात दर वर्षी भांडण व्हायचं. मी दर वेळी पर्ड्यूच लिहिलं.

आणि आता हरण्याबद्दल. या संघावर जीव लावायचा तर हे टळत नाही. २०१९ साली कार्सन एडवर्ड्सनं व्हर्जिनियाविरुद्ध ४२ गुण काढले, उपांत्य फेरी सेकंदावर आली होती. व्हर्जिनियानं शेवटच्या क्षणी बरोबरी केली आणि जादा वेळेत ८०-७५ असं जिंकलं. २०२१ साली तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्ससनं हरवलं, २०२२ साली पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सनं.

मग १७ मार्च २०२३, शुक्रवार. पर्ड्यूला पहिलं मानांकन, समोर फेअर्ली डिकिन्सन. हा स्पर्धेतला सरासरी उंचीनं सर्वात बुटका संघ, जो डेटनला प्राथमिक फेरी खेळून आला होता. आमच्या घरी सात जण जमलो होतो. मुगाची खिचडी लावली होती. त्यांची पोरं ईडीच्या पुढे-मागे दोघं-दोघं उभी राहिली, आमचे बाहेरचे फटके लागेनात. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि गॅस बंद करायला कोणीच उठलं नाही. ६३-५८. पहिल्या मानांकनाच्या संघानं सोळाव्याकडून हरायची पुरुषांच्या स्पर्धेतली ती दुसरीच वेळ. करपलेली खिचडी आम्ही तशीच खाल्ली. कोणी बोललं नाही.

अशा रात्री काय करावं? टीव्ही लगेच बंद करू नका, शेवटचा खेळाडू आत जाईपर्यंत थांबा. पेंटर यांची पत्रकार परिषद ऐका. ते सबबी सांगत नाहीत. समाजमाध्यमांवर खेळाडूंना काही लिहू नका, ती एकोणीस-वीस वर्षांची मुलं आहेत. आणि दुसऱ्या दिवशी टोपी घालून बाहेर पडा. मी घातली होती. बसच्या चालकानं टोपीकडे बघितलं आणि हळूच 'बॉयलर अप' म्हटलं.

पुढच्या वर्षी तेच खेळाडू परत आले. ईडी, स्मिथ, लॉयर. ग्रँब्लिंग, युटा स्टेट, गोंझागा यांना हरवत गेले. डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध ईडीनं ४० गुण काढले, ७२-६६. पर्ड्यू १९८०नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारांत पोचलं. तिथे नॉर्थ कॅरोलायना स्टेटला ६३-५० असं हरवून अंतिम सामन्यात. करपलेल्या खिचडीची चव आठवत असलेल्यांनाच तो विजय पुरता कळला.

पुण्यात बसून

तोपर्यंत मी परत आले होते. भारतातून संघ धरून ठेवायचा असेल तर घड्याळ पाठ करा. थंडीत वेस्ट लाफायेट आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिथला संध्याकाळी सातचा सामना इथे पहाटे साडेपाचला, रात्री नऊचा सकाळी साडेसातला. ऑफिसच्या आधी सामना होऊन जातो, हे खरं तर भाग्य आहे. सगळेच सामने चित्रासह मिळतील असं नाही. रेडिओवरचं धावतं वर्णन ऐकायची सवय लावा. नियम आणि खेळाडू ओळखीचे झाले की कोर्ट मनात दिसतं. आणि व्हॉट्सॲपवर वर्गमित्रांचा एक गट हवाच, फक्त सामना चालू असताना पुढचं फोडायचं नाही हे आधी ठरवून घ्या. कोणाचं चित्र वीस सेकंद मागे असतं.

२०२४चा अंतिम सामना तिथे ८ एप्रिलच्या रात्री होता, म्हणजे आपल्याकडे ९ एप्रिलच्या सकाळी सातच्या सुमारास. त्या दिवशी गुढीपाडवा होता. मी काळा टी-शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसले, आणि आई म्हणाली, "पाडव्याला काळं काय घालतेस गं?" बाबा काठीला तेल लावत होते. मध्यंतराला कनेक्टिकट ३६-३० असं पुढे होतं. मी उठले, गुढीला कडुनिंबाचा डहाळा आणि गाठी बांधून दिल्या, हळद-कुंकू वाहिलं, परत येऊन बसले. कनेक्टिकटनं ईडीला एकट्याला गुण काढू दिले आणि बाकीच्यांना बाहेरून फटकाच मारू दिला नाही. ईडीचे ३७, पण पर्ड्यूचा तीन गुणांचा फटका सबंध सामन्यात एकच लागला. ७५-६०. आईनं कडुनिंबाची गोळी हातावर ठेवली, ती मी खाल्ली. ईडी बाकावर बसेपर्यंत, टॉवेल तोंडावर घेईपर्यंत मी बघत राहिले. अडीच वर्षांपूर्वी काही मिनिटांत दमणारा तो मुलगा आता दमला नव्हता.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि मोसम बहुधा त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होतो, तेव्हा गजर साडेदहा तासांच्या हिशेबानं लावा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते पुन्हा पुढे जातं आणि अंतर साडेनऊ तासांचं होतं. तक्ता जाहीर व्हायची वेळही त्याच सुमाराची. त्या रविवारी रात्री झोपण्याआधी गजर एक तास अलीकडे घ्यायला विसरू नका.